रेषेदार लाकडाचा वाडगा: वखारीतल्या बेचक्यापासून पॉलिशपर्यंत

वाडगा कातायचं तंत्र हाताला लवकर बसतं. अवघड जातं ते वेगळंच: लाकडातली सुंदर रेषा वाडग्यात नेमकी कुठे उतरेल, हे करवत लावायच्या आधी ओळखणं. नवशिक्यांचे चांगले ठोकळे बहुतेक वेळा इथेच वाया जातात. बाहेरून झकास दिसणारी रेषा आतून कोरता कोरता ढलप्यांत निघून जाते आणि हातात साधा, सपाट रंगाचा वाडगा राहतो. म्हणून पुढे हत्यारांवर थोडं आणि लाकडावर जास्त लिहिलं आहे.

लाकूड कुठे शोधायचं

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कुठल्याही वखारीत जा. तिथे किंमत सरळ लाकडाला असते. सुताराला फळी सरळ हवी. दोन फांद्या जिथे फुटतात ते बेचकं, खोडावरची गाठ, वाकडा बुंधा हे सगळं त्याच्या दृष्टीने निरुपयोगी, कारण त्याची फळी वाकते आणि रंधा मारताना तंतू उचकटतात. हा माल सरपणाच्या ढिगात जातो. तुम्ही त्याच ढिगाकडे जायचं. घनफुटाच्या भावाची चर्चा न करता सरपणाच्या भावाने वजनावर मागायचं, आणि गाठ हवी आहे हे फार उत्साहाने सांगायचं नाही.

आपल्या भागात नवशिक्याने आंब्यापासून सुरुवात करावी. लाकूड मध्यम कठीण, कातायला सोपं, आणि भरपूर मिळतं. काही आंब्यांत तंतू लाटांसारखे जातात. असं लाकूड उजेडात तिरकं धरलं की आडवे पट्टे हलताना दिसतात. पडून राहिलेल्या ओंडक्यात बुरशी शिरली की काळ्या बारीक रेषांचं जाळं तयार होतं. ते देखणं असतं, पण नख रुतेल इतकं मऊ झालं असेल तर घेऊ नका, कातताना चुरा होईल.

रस्त्याकडेच्या रेन ट्रीचं बेचकं हा माझा आवडता माल. तपकिरी गाभा, पिवळट कडा आणि मध्ये मोराच्या पिसासारखी पसरलेली रेषा. चिंचेचा गडद गाभा सुरेख असतो, पण तो मोठा आणि सलग क्वचितच मिळतो. बाभूळ कठीण; हत्याराची धार पटकन मारते. शिसव महाग आहे, पहिल्या वाडग्यासाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

स्वतःच्या शेतातलं झाड आहे म्हणून तोडता येतं असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा अशी झाडं आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. वाडग्यापुरतं लाकूड वखारीतून किंवा रीतसर तोडलेल्या झाडाच्या उरलेल्या तुकड्यांतून सहज भागतं, त्यासाठी झाडाला हात लावायची गरज नाही.

बेचकं चिरण्याआधी

बेचक्यातली ती पिसासारखी रेषा सगळ्या लाकडात पसरलेली नसते. दोन्ही फांद्यांचे गाभे ज्या एका पातळीत असतात, त्या पातळीत ती सर्वांत ठळक असते. तिथून सालीकडे सरकाल तशी ती विरत जाते. त्यामुळे बेचकं उभं चिरायचं ते दोन्ही फांद्यांच्या टोकांवरचे गाभ्याचे ठिपके जोडणाऱ्या रेषेवरून. बुंध्याच्या टोकावर एकच ठिपका असतो, करवत तिथून बाहेर आली पाहिजे. खडूने तिन्ही ठिपके जोडून घ्या आणि मग वखारीतल्या बँडसॉवर द्या. "अंदाजे मधोमध चिर" असं सांगितलंत तर चिरणारा जाडीच्या मधोमध चिरेल आणि रेषा एका बाजूला जाईल.

आता तुमच्याकडे दोन अर्धे भाग आहेत, प्रत्येकाचा एक चेहरा पिसाऱ्याचा आणि दुसरी बाजू सालीची. पिसाऱ्याचा चेहरा वर ठेवून त्यातच वाडग्याचं तोंड काढावं असं प्रत्येकाला वाटतं. पण वाडगा आतून कोरणं म्हणजे त्या पातळीपासून दूर, सालीकडे खोल जाणं. तीन इंच खोल वाडगा असेल तर तळाशी पोहोचेपर्यंत पिसारा संपलेला असतो; उरतो फक्त काठावर. यावर दोन उपाय आहेत. एक, तोंड पिसाऱ्याच्या बाजूला ठेवायचं पण वाडगा न करता इंच-सव्वा इंच खोलीची उथळ थाळी करायची. दुसरा, वाडगा उलटा बसवायचा: तळ पिसाऱ्याच्या बाजूला आणि काठ सालीकडे. मग कोरत जाल तसे तुम्ही पिसाऱ्याच्या जवळ जाता, आणि तो आतल्या तळावर उमटतो. खोल वाडग्यासाठी मी दुसरा उपाय सुचवेन.

दोन्हींत गाभ्याचा ठिपका आणि त्याच्या भोवतालचं साधारण अर्धा इंच लाकूड काढून टाका. तडे तिथूनच सुरू होतात. थोडा पिसारा त्यात जातो, ते सोसायचं.

गाठीचं गणित सोपं आहे. तिच्यात तंतू सगळ्या दिशांना असतात, त्यामुळे कुठूनही कापली तरी रेषा मिळते. लाटांचा आंबा असेल तर लाटा सालीजवळच्या उभ्या बाजूवर जास्त दिसतात की चिरलेल्या चेहऱ्यावर, हे पाण्याचा हात फिरवून बघा आणि जो चेहरा बोलका आहे तो वाडग्याच्या आतल्या तळाला समांतर ठेवा.

ठोकळा आठ इंच व्यासाचा, तीन इंच जाडीचा पुरे. कर्कटकाने वर्तुळ काढून कोपरे उडवून घ्या. त्याच दिवशी कातणार नसाल तर तंतूंची टोकं दिसतात त्या दोन बाजूंना फेव्हिकॉलचा जाड थर द्या. लाकूड टोकांतून सर्वांत वेगाने सुकतं आणि तिथेच फाटतं.

लेथ आणि हत्यारं

अर्ध्या अश्वशक्तीचा छोटा लेथ (लाकूड फिरवणारं कातयंत्र) आठ इंचांपर्यंत चालतो, त्यापुढे एक अश्वशक्ती हवी. वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. चक, म्हणजे लाकूड धरणारे जबडे, विकत घ्यायच्या आधी स्पिंडलचे, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याचे, आटे मोजा: एक इंच व्यास आणि इंचामागे आठ आटे किंवा एम ३३ बाय ३.५ हे नेहमीचे प्रकार. जुळत नसतील तर मिरज किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा वर्कशॉपवाला जोडतुकडा कातून देतो.

हत्यारं तीन: अर्ध्या इंचाचा बाउल गाउज (पन्हळीसारखं खोलगट हत्यार), एक गोल टोकाचा स्क्रेपर (खरवडायचं), एक पार्टिंग टूल (अरुंद खाच पाडायचं). सगळी हायस्पीड स्टीलची. जुनी कानस घासून स्क्रेपर बनवायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. कानशीचं पोलाद ठिसूळ असतं, झटका बसला की तुकडे उडतात. बाउल गाउजच्या धारेचा कोन ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान ठेवा आणि धार लावायला जिग, म्हणजे कोन पक्का धरणारा साचा, वापरा. हाताने लावलेली धार रोज वेगळी येते, मग दोष हत्याराचा की हाताचा हेच कळत नाही.

चेहरा पूर्ण झाकणारी ढाल, मास्क आणि अंगाला घट्ट कपडे घाला. हातमोजे, अंगठी, गळ्यातला दोरा, पदर, ओढणी यांपैकी काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. आंबा हा काजू-बिब्ब्याच्या कुळातला, त्याच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ येतं. बुरशीच्या रेषांचं लाकूड कातताना तर मास्क सोडूच नका. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे लाइट. कातताना लाइट गेली की आधी लेथचं बटण बंद करा, मग चहाला जा. आपोआप बंद होऊन राहणारं चुंबकी बटण बसवून घेतलंत तर उत्तमच.

पहिलं कातकाम

जो चेहरा वाडग्याचं तोंड होणार आहे त्यावर फेसप्लेट, म्हणजे स्क्रूने ठोकळा धरणारी लोखंडी तबकडी, बसवा. चार ते सहा जाड लाकडी स्क्रू, किमान सहा सूत आत गेलेले (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). प्लायवर वापरतात ते काळे बारीक स्क्रू नकोत, ते ताण आला की तुटतात. टेल स्टॉक, म्हणजे समोरून ठोकळ्याला टेका देणारा टोकदार भाग, लावा. हाताने एक पूर्ण फेरा फिरवून टूल रेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीला, काही लागत नाही ना बघा, आणि मगच चालू करा.

वेगाचा ढोबळ हिशेब असा: व्यास इंचांत गुणिले फेरे मिनिटाला, हे उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान राहावं. आठ इंचाला ७५० ते ११००. पण ठोकळा अजून वेडावाकडा आहे, तेव्हा ४००-५०० वर सुरू करा आणि गोल झाल्यावर वाढवा. लेथ थरथरत असेल तर आधी वेग कमी करा.

हत्यार टूल रेस्टवर टेकवा, मग धारेमागचा घासलेला उतार, म्हणजे बेव्हल, लाकडाला टेकवा, आणि मग मूठ हळू वर उचलून धार लागू द्या. हाच क्रम, प्रत्येक वेळी. धार आधी लागली की हत्यार झटका खातं. बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे कापा. आतली बाजू उलट, काठाकडून तळाकडे. या दिशेने कापताना प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार असतो.

तळावर चकमध्ये धरायला खुंट काढा: अडीच इंच व्यास, दोन सूत उंची, मुळाशी किंचित आत झुकलेला. तो चकच्या तळाला टेकता कामा नये, जबड्यांच्या वरच्या काठावर वाडग्याचा खांदा बसला पाहिजे. खुंटाच्या मध्यावरची टेल स्टॉकची खूण पुसू नका, ती पुढे लागणार आहे.

मग उलटा करून चकमध्ये धरा आणि आतून कोरा. लाकूड अजून ओलं आहे आणि सुकताना वाकणार, म्हणून सगळीकडे सारखी, व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवायची, म्हणजे आठ इंचाला साधारण साडेसहा सूत. बेचक्याला पूर्ण एक इंच ठेवा. त्यात तंतू तीन दिशांना ओढतात आणि तो जास्त वाकतो. जाडी नेमकी किती यापेक्षा ती सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं आहे. तळ जाड आणि कडा पातळ राहिली की तडा ठरलेला.

सुकवणं

सांगलीच्या एप्रिल-मेच्या झळांत ओला वाडगा उघडा ठेवलात तर आठवड्याच्या आत फाटेल. बाहेरच्या बाजूला आणि काठाला फेव्हिकॉल किंवा मेण लावा, त्याच्याच ढलप्यांबरोबर कागदी पिशवीत घाला आणि वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आंब्यावर निळी बुरशी चढते. पावसाळ्याच्या तोंडाला कच्चं कातकाम उरकणं सोयीचं, कारण हवेतल्या ओलाव्यामुळे सुकणं आपोआप मंदावतं. फक्त पावसाळ्यात पिशवी दर आठवड्याला उघडून ओल्या ढलप्या बदलायच्या. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, पाटण-महाबळेश्वरकडे राहत असाल तर पावसाळ्यात पिशवीऐवजी जाळीच्या कपाटात ठेवा.

वाडग्यावर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहा. स्वयंपाकघरातला काटा पुरे. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन-चार वेळा तेच आलं की सुकला. चार ते सहा महिने धरून चला, बाभळीला जास्त.

या काळात वाडग्याखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर कीड लागली आहे. आंब्याच्या पांढऱ्या लाकडाला ती हमखास लागते. खाण्याच्या भांड्यावर औषध मारू नका. वाडगा पूर्ण सुकल्यावर ओव्हनमध्ये ६०-६५ अंशांवर दोन-तीन तास ठेवा. लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश तापमान अर्धा तास टिकलं की कीड मरते.

दुसरं कातकाम, आणि उचकटणारे तंतू

सुकलेला वाडगा लंबगोल झालेला असतो, खुंटही. चकमध्ये एक गोल लाकडी तुकडा धरा, त्यावर वाडगा पालथा टेकवा, टेल स्टॉक खुंटावरच्या जुन्या खुणेत रोवा आणि खुंट पुन्हा गोल करून घ्या. मग नेहमीसारखं चकमध्ये.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लाकूड जितकं रेषेदार, तितका आकार साधा. तळापासून काठापर्यंत एकच न तुटणारा बाक. कडेला खाचा, मणी, बाहेर वळलेली ओठं हे सगळं साध्या सागाला शोभतं. पिसाऱ्यावर खाच पाडली की डोळा खाचेवर अडकतो. शेवटची जाडी दोन ते तीन सूत.

खरी परीक्षा इथे आहे. साध्या लाकडात दिशा सांभाळली की पृष्ठभाग गुळगुळीत येतो. रेषेदार लाकडात एकाच फेऱ्यात तंतू चारही बाजूंनी समोर येतात, त्यामुळे कुठल्याही दिशेने कापलं तरी काही जागी ते उचकटणारच. तेव्हा शेवटचे दोन-तीन काप असे घ्या: हत्याराला नुकतीच धार लावलेली, काप कागदाइतका पातळ, वेग थोडा वाढवलेला आणि हात सरकण्याचा वेग कमी केलेला. तरीही एखादी जागा खरखरीत राहिली तर तिथे चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पातळ द्रावण चोळा, सुकू द्या आणि पुन्हा एक काप घ्या. ताठ झालेले तंतू स्वच्छ कापले जातात. बाहेरच्या बाजूला स्क्रेपर सपाट न धरता ४५ अंशांत तिरका उभा करून हलकेच फिरवला तरी काम होतं. आतल्या बाजूला हा तिरका प्रयोग नवशिक्याने करू नये, तिथे हत्यार ओढलं जातं.

बारीक तडा असेल तर फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद सोडा, पण आधी भोवती चपडा लावा, नाहीतर गोंदाचा डाग लाकडात मुरतो आणि पॉलिशखाली कायम दिसतो. मोठी भेग कॉफीची पूड भरून गोंदाने बंद करता येते. गडद लाकडात ती नैसर्गिक वाटते. भुसा आणि फेव्हिकॉलचं मिश्रण मात्र मेलेल्या रंगाचं दिसतं.

घासकाम

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२०, ४०० या क्रमाने. एकही नंबर गाळू नका. वेग निम्म्यावर आणा, पेपर हाताला गरम लागला की थांबा, उष्णतेने तळाला केसासारखे तडे जातात. उचकटलेली जागा १२० ने निघत नसेल तर लेथ बंद करून ती जागा हाताने तंतूंच्या दिशेने घासा, फिरत्या लाकडावर दाबून धरलंत तर तिथे खळगा पडेल. २४० नंतर ओला फडका फिरवा, तंतू उभे राहतात, सुकल्यावर ३२० मारा. प्रत्येक नंबरानंतर स्पिरिटचा फडका फिरवून बाजूने बॅटरी मारा. आधीच्या नंबराचे ओरखडे लगेच दिसतात.

पॉलिश

वाडगा कशासाठी, हे आधी ठरवा.

खाण्याच्या वस्तूंसाठी असेल तर तेल आणि मेण. घरातलं शेंगदाणा तेल वापरू नका. ते सुकत नाही, लाकडात खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चार भाग, मधमाशांचं मेण एक भाग, वजनाने. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. भांडं उकळत्या पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नाही. मेण महाबळेश्वर भागातून आणा, तिथे मधपाळ बरेच आहेत. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. आधी नुसतं पॅराफिन भरपूर लावून रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी तेल-मेणाचं हे मलम चोळा आणि लेथवर कापडाने घासा.

फक्त शोभेचा असेल तर रेषा खऱ्या अर्थाने उठते ती जवसाच्या तेलाने आणि त्यावर चपड्याने. तेल वेगवेगळ्या कोनांतल्या तंतूंत कमी-जास्त मुरतं, म्हणून वाडगा फिरवला की उजेड आतून सरकल्यासारखा वाटतो. तेलाचा एकच पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाका, आणि निदान आठवडाभर सुकू द्या. हे पुसलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर उघडा पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

चपडा रंगाच्या दुकानात मिळतो. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम, रात्रभर विरघळवून कापडातून गाळून घ्या. आत कापूस, बाहेर धुतलेला सुती कपडा अशी पुरचुंडी करून पातळ हात द्या, हात न थांबवता. थर पातळ आणि पुष्कळ. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तूणाच्या लाकडावरची झळाळी लाखेच्या पॉलिशचीच. जमलं तर एखाद्या कारागिराच्या दुकानात बसून पुरचुंडी कशी फिरते ते पाहा, वाचून ते येत नाही. चपड्याला पाणी, दारू आणि गरम भांडं चालत नाही, पांढरे डाग पडतात.

सांगलीत राहून हळदीने लाकूड रंगवायचा मोह होतो. रंग पहिल्या दिवशी सुंदर येतो, पण उजेडात उडतो. मेलामाइनचा जाड चकचकीत थर मला रेषेदार लाकडावर बघवत नाही. काच ठेवल्यासारखं दिसतं, पण ग्राहक मागतात हेही खरं.

शेवटी खुंट काढायचा. चकमधल्या गोल तुकड्यावर कापड घालून वाडगा पालथा टेकवा, टेल स्टॉक लावा, खुंट कातून बोटाएवढा बारीक करा आणि उरलेला करवतीने कापून पटाशीने साफ करा. तळ किंचित आत कोरा, म्हणजे टेबलावर डगमगणार नाही. मग तळालाही तेच तेल किंवा चपडा लावा. एकच बाजू बंद राहिली तर वाडगा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाकतो.

तेल-मेणाच्या वाडग्यात बेदाणे, शेंगा, भाकरी ठेवा. कालवण, ताक, लोणचं नको. ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात भिजत टाकू नका, उन्हात वाळवू नका. आतली बाजू कोरडी, पांढुरकी दिसायला लागली की मलमाचा नवा हात द्या.